म्हातारीचं वाण

काकू नोकरी कसली करतात असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायचा मान काकांचा. काका म्हणजे काकूंचे यजमान, टपालखात्यातून निवृत्त झालेले, आणि एखादा विनोद हाती लागला की तो घासून गुळगुळीत होईपर्यंत न सोडणारे. "सगळं जग माश्या मारतं, आमची ही माश्या पाळते," असं म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. हे एकतीस वर्षं चाललं होतं. काकू त्यावर हसत नसत आणि रागावतही नसत, कारण बोलणं अक्षरशः खरं होतं.

विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या इमारतीत, तळमजल्यावर मागच्या अंगाला, माश्यांची खोली होती. घरात जेवणावर बसतात त्या माश्या नव्हेत. पिकल्या केळ्याभोवती तरंगत असतात त्या चिमुकल्या, तिळाएवढ्या फळमाश्या. त्यांची दोनशे बारा वाणं तिथे काचेच्या नळ्यांमध्ये नांदत होती. कुणाचे डोळे पांढरे, कुणाचे पंख मुडपलेले, कुणाच्या अंगावर केसच नाहीत. प्रत्येक वाणाचे दोन संच असत. एक उबदार खोलीत, एक थंड कपाटात, म्हणजे एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसरा हाताशी. ठरल्या दिवशी माश्यांना जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायचं. नळी रबरी गादीवर दोनदा आपटायची, माश्या तळाशी पडल्या की कापसाचं बूच काढून ती नव्या नळीवर उलटी धरायची, पुन्हा आपटायचं, बूच लावायचं. नवख्या माणसाच्या हातून यात निम्म्या माश्या उडून जातात. काकूंच्या हातून एकही उडत नसे. या हाताचा आपल्याला गर्व नाही असं त्या म्हणायच्या, पण नव्या विद्यार्थ्यांना काम दाखवताना तो हात मुद्दाम सावकाश कधी चालला नाही.

खोलीला लागून रांधणघर. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी अगर नावाची समुद्रशेवाळाची भुकटी असं सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजवायचं, जरा निवलं की बुरशी धरू नये म्हणून मापाने एक आम्ल घालायचं आणि नळ्यांत ओतायचं. आम्ल कमी पडलं तर बुरशी माजते, जास्त पडलं तर अळ्या मरतात. घरचा स्वयंपाक काका करत, त्यामुळे माश्यांचं नशीब थोर हा त्यांचा दुसरा विनोद होता.

विभागाच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एक ओळ छापून यायची: या वर्षी एकही वाण गमावलेलं नाही. त्या ओळीत काकूंचं नाव नसे, पण ती त्यांची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. अहवाल हातात आला की त्या आधी तेवढंच पान उघडत. बाकीचा अहवाल कुणीच वाचत नाही, हेही खरं.

दोनशे बारांत एका वाणाला सगळे 'म्हातारी' म्हणत. दिसायला अगदी साधं, लाल डोळे, सरळ पंख, बाहेरच्या कुठल्याही माशीसारखं. तिची थोरवी होती ती वयाची. सत्तर-बहात्तर वर्षांपूर्वी कुणीतरी बागेत पकडलेल्या माश्यांचा हा वंश, तेव्हापासून बाहेरच्या माशीचा वारा न लागता एका नळीतून दुसरीत चालत आलेला. हे वाण दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हतं. काकूंना ज्यांनी नोकरीत घेतलं आणि काम शिकवलं, त्या जुन्या सरांचा म्हातारीच्या बाबतीत एक कडक नियम होता. तिचे दोन्ही संच एका पातेल्यातलं अन्न कधीही खाणार नाहीत. एकाला आजचं, दुसऱ्याला वेगळ्या दिवशी शिजवलेलं. "अन्नावर विश्वास ठेवायचा नाही, आणि रांधणाऱ्यावर तर मुळीच नाही," असं ते काकूंच्या तोंडावर म्हणत. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबत. पुढे सर वारले, नियम राहिला. काकूंनी तो वीस वर्षं पाळला आणि एकदाच मोडला.

त्या एका वेळेची गोष्ट अकरा वर्षं झाकून राहिली होती. काकूंच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना एक नवी मुलगी संशोधनासाठी दाखल झाली, आणि झाकण हलायला लागलं.

मुलगी चालताना दारांना धडकायची. एका हातात नळ्यांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा घेऊन जिन्यावरून पळायची. आठवड्याभरात तिचं नाव 'धांदल' पडलं. पण हीच मुलगी सूक्ष्मदर्शकापुढे बसली की हात असा स्थिर, की माशीच्या पायाचा केसही दुखावू नये. काकूंना हे पहिल्याच दिवशी दिसलं. बाकीच्यांना दिसलं नाही, कारण बाकीचे तिला फक्त चालताना बघत.

पहिल्याच आठवड्यात ती रांधणघरात चहा प्यायला आली आणि आपल्याला म्हातारीच का हवी आहे ते सांगत बसली. तिचं म्हणणं असं. माशीच्या प्रत्येक पेशीत तिचा सगळा मजकूर लिहिलेला असतो, आणि त्यात काही तुकडे असे उपद्व्यापी असतात, की ते स्वतःला कापून घेतात आणि दुसरीकडे जाऊन चिकटतात. जिथे बसतील तिथलं काहीतरी बिघडवतात. असा एक उड्या मारणारा तुकडा गेल्या शतकात बाहेरच्या माश्यांमध्ये शिरला आणि बघता बघता जगभर पसरला. त्याच्या आधी पकडून नळीत ठेवलेल्या माश्यांमध्ये तो नाही. म्हणजे म्हातारीत नाही. खरी गंमत पुढेच होती. ज्या मादीच्या वंशात तो तुकडा मुरलेला असतो, ती आपल्या अंड्यांमध्ये त्याचा बंदोबस्तही भरून देते. पोरं त्याला जन्मतःच ओळखतात आणि दाबून ठेवतात. बापाला हे जमत नाही. बाप नुसता तुकडा देतो, बंदोबस्त द्यायचा तो आईनेच. त्यामुळे बाहेरचा नर आणि म्हातारीची मादी अशी जोडी लावून पोरं जरा जास्त उबेत वाढवली, तर तुकडा पोरांमध्ये येतो पण त्याला ओळखणारं तिथे कुणी नसतं. तो मोकाट सुटतो. पोरं वरून धडधाकट दिसतात, पण लेकींच्या पोटातले अंडकोश पार सुकलेले. वंश तिथेच संपतो. हे असं का होतं आणि आई नेमकं काय देते, हेच मुलीला शोधायचं होतं.

"आणि नर बाहेरचा, मादीही बाहेरचीच असली तर?" काकूंनी विचारलं.

"मग काहीच होत नाही, काकू. आईला तो तुकडा माहीत असतो ना. पोरं ठणठणीत."

काकूंचा हात पातेल्यात थांबला. पिठाच्या गुठळ्या झाल्या आणि त्या दिवशीचं सगळं अन्न फेकून द्यावं लागलं. मुलीला वाटलं, आपण गप्पांत गुंतवलं म्हणून झालं. तिने दोनदा माफी मागितली.

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी काकूंच्या भावाचा फोन आला होता, की आईचं काही खरं नाही, असशील तशी निघ. आई राहायची ते ठिकाण बसने सात तासांवर, आणि बस दुपारी. त्या दिवशी म्हातारीचा पहिला संच बदलायचा होता, दुसऱ्याची पाळी तीन दिवसांनी होती. परत कधी येणं होईल ते सांगता येत नव्हतं, आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचं काकूंच्या मनातही आलं नाही. दुसरं पातेलं चढवायचं म्हणजे शिजून, निवून, नळ्यांत ओतून घट्ट व्हायला तीन तास. काकूंनी एकाच पातेल्यावर दोन्ही संच उरकले. जुन्या नळ्यांत अंडी-अळ्या शिल्लक असतात, त्या खरं तर पुढचे पंधरा दिवस जपून ठेवायच्या असतात, त्याही घाईघाईत धुण्याच्या टोपलीत गेल्या. आणि आम्लाचं माप आपण एकदा घातलं की दोनदा, हे त्यांना काही केल्या आठवत नाही. दोनदाच घातलं असणार.

आईचं सगळं आवरून त्या चौदा दिवसांनी कामावर आल्या. त्या पातेल्यातलं ज्या ज्या नळ्यांना मिळालं होतं, त्या सगळ्यांच्या तळाशी मेलेल्या माश्या आणि वर कोरडं, गुळगुळीत अन्न. एकही अळी नाही. बाकीची वाणं दुसऱ्या संचातून पुन्हा उभी राहिली. म्हातारीचा दुसरा संचही त्याच पातेल्यातला होता.

काकू स्टुलावर बसल्या. रांधणघराच्या खिडकीत एक बाटली असायची, आत केळ्याचा तुकडा आणि तोंडाला कागदाचं नरसाळं, खोलीतून निसटलेल्या माश्या पकडायला. बाटलीत सात माश्या होत्या. लाल डोळे, सरळ पंख. खिडकी दिवसभर उघडी राहायची, तेव्हा त्या बाहेरूनही आलेल्या असू शकत होत्या. पण निसटलेल्याही असू शकत होत्या. काकूंनी स्वतःची समजूत घातली, की निघायच्या दिवशी माझा हात थरथरत होता, म्हातारीच्या दोन-चार तरी उडाल्याच असणार. वीस वर्षांत त्यांनी आपल्या हाताला प्रथमच दोष दिला आणि तो देताना त्यांना हायसं वाटलं. सातही माश्या नव्या नळीत घातल्या आणि नळीवर म्हातारीचं नाव लिहिलं.

रजेच्या अर्जावर त्यांनी 'घरगुती काम' असं लिहिलं होतं, ते तसंच राहू दिलं. आई गेली हे त्यांनी विभागात कुणालाच सांगितलं नाही. आईचा विषय निघाला की तारीख निघणार, तारखेमागून घाई निघणार आणि घाईमागून पातेलं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पुढे कितीतरी जणांनी ते वाण वापरलं. कुणी माश्यांची झोप मोजली, कुणी त्यांना वास ओळखायला शिकवलं, आणि त्या कामाला कुठलीही निरोगी माशी चालली असती. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. हळूहळू काकूंनाही वाटायला लागलं, की त्या सातांत एखादी तरी म्हातारीची लेक असेलच. अकरा वर्षं एखादी गोष्ट मनाशी घोकली की ती निम्मी खरी वाटायला लागते.

आता त्याचा निकाल लागणार होता. मुलगी बाजारातल्या फळवाल्यांच्या टोपल्यांजवळून नर पकडून आणायची, त्यांच्याशी म्हातारीच्या माद्या जोडायची आणि जन्मलेल्या लेकी दोन काचांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. अंडकोश सुकलेले निघाले तर म्हातारी खरी. अंडी निघाली तर काकूंनी अकरा वर्षं खिडकीतल्या माश्या म्हातारीच्या नावाने पाळल्या होत्या.

अंडी निघाली. पहिल्या खेपेला निघाली, दुसऱ्या खेपेला निघाली. नळ्या अळ्यांनी बुजबुजून गेल्या. एरवी भरलेली नळी बघून काकूंना समाधान वाटायचं, आता त्या तिच्याकडे बघायचंच टाळायच्या. मुलीच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे विभागप्रमुखांनीच, चूक लगेच शोधून काढली. या कामात मादी कोरी लागते, नराच्या संगतीत एकदाही न आलेली. जन्मल्यापासून सात-आठ तासांत ती वेगळी काढावी लागते. तू उशीर करतेस, माद्या आपल्याच भावांकडून आधीच भरलेल्या असतात, आणि मग पोरं ठणठणीत निघणारच, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वर नावही घेतलं, की धांदल ती धांदलच.

मुलगी पहाटे यायला लागली. दर चार तासांनी माद्या वेगळ्या काढायची. तरी अंडी निघाली. तिने चौथ्यांदा केलं, पाचव्यांदा केलं. हळूहळू तिचं जिन्यावरून पळणं थांबलं. मग ती स्वतःच्या नळ्यांवरची नावं दोन-दोनदा वाचायला लागली, आणि एकदा काकूंनी पाहिलं, की नर-मादी ओळखायला ती पुस्तक उघडून बसली आहे. शाळकरी पोरालाही चार दिवसांत जमणारी गोष्ट. त्यांनी तिला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. पाच महिने रोज दिला. त्यापलीकडे काही केलं नाही, आणि याची त्यांना जेवढी लाज वाटते तेवढी त्या पातेल्याचीही वाटत नाही.

घरी काकांना सगळं माहीत होतं. अकरा वर्षांत त्यांनी या एका गोष्टीवर विनोद केला नव्हता. ते म्हणाले, महिनाभराने तू सुटशील, त्या पोरीचं मात्र व्हायचं ते होईल. टोचावं म्हणून म्हणाले नव्हते, पण टोचलं.

सहामाही आढावा तोंडावर आला. त्यात समितीचं समाधान झालं नाही, तर मुलीचा प्रवेशच रद्द होणार होता. काकूंनी मग अर्धी वाट काढली. पांढऱ्या डोळ्यांचं एक वाण होतं, तेही फार जुनं, तो तुकडा रानात शिरण्याच्या आधीचं. त्याची एक नळी त्यांनी मुलीच्या हातात दिली आणि हेच काम एकदा हिच्याबरोबर करून बघ म्हणाल्या. का ते सांगितलं नाही. आपलं नाव न येता मुलगी सुटावी, असा तो बेत होता. बेत वाईट नव्हता, फक्त भित्रा होता.

अठरा दिवसांनी, आढाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मुलगी रांधणघरात आली. जन्मलेल्या लेकी सगळ्या लाल डोळ्यांच्या होत्या, म्हणजे बाप बाहेरचाच, म्हणजे माद्या कोऱ्याच होत्या. आणि दोन काचांत दाबल्यावर चाळीस लेकींत एक अंडं नाही. तिचा हात बरोबर होता. पाच महिने बरोबर होता. काकूंचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. मुलगी हुशार होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, की मग खोट म्हातारीत आहे. कुणीतरी कधीतरी त्यात बाहेरच्या माश्या मिसळल्या. आधीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी असेल, दोन वर्षांपूर्वी सोडून गेला तो बेफिकीर होता असं ऐकलंय, उद्या समितीपुढे त्याचं नाव सांगते.

"तुमच्याकडून तर होणं शक्यच नाही," ती म्हणाली. "तुमचा हात मी बघितलाय."

काकूंनी गॅस बंद केला. पातेलं शिजत असताना मध्येच गॅस बंद करण्याची त्यांची नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"त्याचं नाव घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "ते मी केलं."

मग त्यांनी क्रमाने सगळं सांगितलं. भावाचा फोन, दोन संच, एक पातेलं, धुण्याची टोपली, खिडकीतली बाटली, सात माश्या. आई वारल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेल्या. मुलगी ऐकत होती. काकूंना वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या. तिने यातलं काहीच केलं नाही. ती उभी राहिली.

"पाच महिने मला वाटत होतं की मी या कामाच्या लायकीची नाही. आणि तुम्ही मला रोज चहा देत होता."

एवढं बोलून ती निघून गेली. दाराला धडकली नाही. तिचं बोलणं काकूंना तसंच ऐकायला हवं होतं, आणि ऐकवतही नव्हतं.

त्यांनी त्याच दुपारी दोन पानं लिहिली, खाली सही केली, आणि एक प्रत मुलीच्या टेबलावर ठेवून दुसरी विभागप्रमुखांकडे नेली. प्रमुखांनी ती दोनदा वाचली. म्हातारीवर त्यांचे दोन शोधनिबंध छापलेले होते. ते चिडले नाहीत, उलट नको इतके नरमले. बसा म्हणाले. मग समजावू लागले, की मुलीचा प्रश्न सुटलेलाच आहे, पांढऱ्या डोळ्यांच्या वाणाने तिचा हात सिद्ध झाला. वाण अशुद्ध झालंय, कसं ते कळलं नाही, एवढं लिहिलं की पुरे. तुम्ही आठवड्याभरात निवृत्त होताय, एकतीस वर्षांच्या कामावर शेवटच्या आठवड्यात कशाला पाणी फिरवता.

"कसं ते कळलं नाही असं कसं लिहायचं?" काकू म्हणाल्या. "मला कळलंय."

दुसऱ्या दिवशी मुलीने समितीपुढे ती दोन पानं वाचून दाखवली. मुलगी राहिली. दोन निबंधांमध्ये ज्या माश्या म्हातारीच्या म्हणून वापरल्या त्या तिच्या नव्हत्या, अशी दुरुस्ती प्रमुखांना छापायला पाठवावी लागली आणि त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. तो बेफिकीर म्हणवलेला विद्यार्थी कुठेतरी आपल्या कामात होता, त्याला यातलं काही कळलंही नाही. म्हातारी गेली. साठ वर्षं आणि हजारावर पिढ्या चालत आलेला एक वंश एका मंगळवारी संपला होता, आणि हे जगाला अकरा वर्षं उशिरा कळलं. आता त्यावर काही करता येण्यासारखं नव्हतं. काकूंना झोप लागायला लागली, म्हणून त्यांना थोडं अपराधीही वाटलं.

निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. कुणी रद्द केला असं नाही, तो कुणी ठरवलाच नाही. शेवटच्या दिवशी वाणांचा ताबा द्यायचा होता, आणि नवा माणूस येईपर्यंत तो घ्यायला कुणीतरी हवं होतं. मुलगी आली. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. मुलीच्या हातात नोंदवही होती. एकेक नळी उजेडात धरायची, जिवंत आहे म्हणायचं, खूण करायची. दोनशे अकरा खुणा व्हायला अख्खी सकाळ गेली.

राहिलेल्या नळीपाशी मुलगी थांबली. काकू म्हणाल्या, ती टाकून दे, तिचा आता काय उपयोग. मुलीने नळी उजेडात फिरवली. माश्या काचेवरून वर चढत होत्या, तळाशी अळ्यांची गर्दी होती. टाकायची नाही, ती म्हणाली, हिच्यात अकरा वर्षांपूर्वीचा तुकडा आहे, आजच्या माश्यांमधल्या तुकड्याशी ताडून बघता येईल तो किती हलला ते. तिने नळीवरचं जुनं नाव खरवडून काढलं. वहीत नव्या वाणाची नोंद करताना कुठे सापडलं, कधी सापडलं आणि कुणी पकडलं असे तीन रकाने असतात. तिने लिहिलं: रांधणघराची खिडकी. वर्ष लिहिलं. तिसऱ्या रकान्यात काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. विभागाच्या कागदांवर वाणाच्या नोंदीत त्यांचं नाव येण्याची ही पहिलीच वेळ होती. ते कौतुक होतं की ठपका, हे काकूंना नीट ठरवता आलं नाही. दोन्ही असावं, असं म्हणून त्यांनी मान हलवली.

मग महिना लिहायचा राहिला होता. काकूंनी तो सांगितला. मुलीने लिहिला, आणि वही मिटायच्या ऐवजी तशीच धरून राहिली.

"तुमची आई," ती म्हणाली. "भेटली का? म्हणजे, पोचलात का तुम्ही वेळेवर?"

अकरा वर्षांत काकूंना हे विभागात कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारावं असं काही त्यांनी कुणाच्या कानावर पडूच दिलं नव्हतं. त्यांना वाटलं आपण नुसती मान हलवू, पण आवाज फुटला.

"नाही," त्या म्हणाल्या. "गाडी आलीच साडेतीन तास उशिरा. मी स्टँडवर बाकावर बसून होते. तेवढ्यात दुसरं पातेलं झालं असतं गं."